केदारखेड्याहून आलेला माणूस

पोळा झाला की आमच्या शाळेच्या मैदानावरचं गवत कापायचे आणि फुटबॉलचा मोसम सुरू व्हायचा. एरवी आम्ही पोरं त्या दिवसाची वाट पाहायचो. गवत कापणाऱ्या बायांच्या मागे मागे फिरून दगड वेचायचो, बांबूचे गोल रोवायला मदत करायचो. त्या वर्षी मात्र विळ्यांचा खरखर आवाज वर्गात ऐकू आला आणि मी खिडकीकडं पाठ फिरवून बसलो. मी तेव्हा अंबडच्या मिडल शाळेत सातवीला होतो. निजामाचं राज्य होतं, शिकणं उर्दूतून, आणि शुक्रवारी सुट्टी.

भीतीचं कारण आदल्या वर्षीचं होतं. मोसमाची शेवटची मॅच खेळायला जालन्याच्या एका मिडल शाळेची टीम आमच्याकडे आली होती. मी फुलबॅक. आम्ही सगळेच अनवाणी खेळायचो, पण मी धनगराचा पोरगा, लहानपणापासून मेंढरांमागे काट्याकुट्यातून हिंडलेला. माझी लाथ बसली की बॉल अर्ध्या मैदानाच्या पार जायचा. त्या दिवशी माती ओली होती, बॉलचं कातडं पाणी पिऊन जड झालं होतं. त्यांचा एक बारीकसा पोरगा बॉल अडवायला धावत माझ्या समोर आला आणि मी जीव खाऊन मारलेला बॉल त्याच्या डाव्या बरगडीखाली बसला. तो मटकन खाली बसला. आमच्या ड्रिल मास्तरांनी, हाशमी मास्तरांनी, त्याला पाणी पाजलं. थोड्या वेळानं तो उठला, माझ्याकडे बघून हसला आणि शेवटपर्यंत खेळला. त्याचं नाव मच्छिंद्र, एवढं त्यांच्या पोरांच्या हाकांवरून कळलं होतं.

चौथ्या दिवशी जालन्याच्या मोटारीसोबत निरोप आला, की मच्छिंद्र वारला.

हाशमी मास्तरांनी आम्हा सगळ्यांना मैदानावर रांगेत उभं केलं, दोन मिनिटं माना खाली घालायला लावल्या आणि घरी पाठवलं. मला कोणी काही बोललं नाही. मीही घरी काही सांगितलं नाही. पण त्यानंतर कित्येक महिने मी झोपेतून उठलो की आधी स्वतःच्या उजव्या पायाकडं पाहायचो.

नव्या मोसमाच्या पहिल्या दिवशी मास्तरांनी नावं वाचली. गोलकीपर रामकिसन. तो माझा जिवलग, आमच्या घरामागच्याच गल्लीतला. फुलबॅक धुळाजी. म्हणजे मी. मी हात वर केला नाही. मास्तरांनी कागदावरून नजर उचलून पाहिलं आणि पुढचं नाव वाचलं.

पहिली मॅच जालन्याला होती. त्याच शाळेशी.

त्या दिवशी सराव चालू असताना मैदानाच्या कडेला, मत्स्योदरी देवीच्या टेकडीकडच्या बाजूला, एक माणूस येऊन बसला. पन्नाशीचा असेल. डोक्याला मळकं पागोटं, हातात काठी, मांडीवर कापडाचं गाठोडं. आम्ही खेळायला लागल्यापासून संपेपर्यंत तो जागचा हलला नाही. सराव पाहायला गावातले रिकामे लोक यायचे, हसायचे, ओरडायचे. हा माणूस फक्त बघायचा. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी रामकिसन माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"तो माणूस कोण हाय माहीत हाय का?"

"न्हाई."

"केदारखेड्याचा हाय. तिकडं भोकरदनकडं. देवीच्या धर्मशाळेत उतरलाय. कडूबा नाव हाय त्याचं." रामकिसन थांबला. "मच्छिंद्रचा बाप हाय तो. पाणी भरणाऱ्या बायांला इचारून राह्यला होता, की ह्या पोरांत धुळाजी कोण म्हणून."

मी विचारलं, "मंग? सांगितलं त्यांनी?"

"सांगितलं. त्यांला काय ठाव."

मी टेकडीकडं मान वळवली नाही. पण तो माझ्याकडंच बघतोय हे मला पाठीवर कळत होतं. त्या दिवसानंतर माझी लाथच गेली. बॉल आला की मी पाय नुसता लावायचो, बॉल चार हात जाऊन थांबायचा. पोरं चिडायची. मी पाय मुरगळल्याचं सांगितलं, एक दिवस लंगडलो, दुसऱ्या दिवशी चुकून दुसऱ्याच पायानं लंगडलो. हाशमी मास्तरांनी ते पाहिलं.

पोरांमध्ये गोष्टी पसरायला वेळ लागत नाही. कोणी म्हणालं, त्याच्या गाठोड्यात विळा आहे. कोणी म्हणालं, कापायचा नाही, भोसकायचा सुरा आहे, आम्ही मूठ पाहिली. तो म्हणे रोज देवीसमोर बसून काहीतरी पुटपुटतो. मी हे सगळं खरं मानलं. का मानू नये? माझ्या बापाचा पोरगा कोणी मारला असता तर माझा बापही असाच आला असता.

बाप घरी नव्हता. मेंढरं घेऊन गोदावरीकडं उतरला होता. घरी आई, मी आणि मागं ठेवलेली पाच-सात मेंढरं. मी शाळेतून येताना रस्ता बदलला. बाजारातून न येता कसाबगल्लीच्या मागनं, बाभळीतनं यायचो. आडावर पाणी आणायला सांगितलं की आईशी भांडायचो. आई, गोपिकाबाई, तोंडानं फटकळ पण डोळ्यांनी हुशार. तिनं दोन दिवस पाहिलं आणि विचारलं, "कोणाचं काय चोरलंस का रे?"

"न्हाई."

"मंग कोणाला भिऊन राह्यलास?"

मी मेंढरांना पाला टाकायला निघून गेलो.

एका दुपारी मी मेंढरांच्या वाड्यात होतो. एका कोकराचा खूर पाहत होतो. दारातून आवाज आला, "घरात कोणी हाय का?"

तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, तरी ओळखला. मी काट्याच्या कुंपणाला चिकटून बसलो. फटीतून त्याच्या काठीचं टोक आणि धुळीनं माखलेल्या वहाणा दिसत होत्या.

आई बाहेर आली. "कोण हाय दादा?"

"लांबून आलोय, बाई. पाणी मिळंल का?"

आईनं तांब्या आणून दिला. माझ्या आईनं आपल्या हातानं त्याला पाणी दिलं, आणि मी तिला सांगूही शकत नव्हतो. पाणी पिताना त्याच्या गळ्याचा आवाज मला ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "धुळाजी तुमचाच का?"

"माझाच. काय केलं त्यानं?"

"काही न्हाई. काम व्हतं त्याच्यापाशी."

"लेकरापाशी काय काम?" आईचा आवाज बदलला.

त्यानं तांब्या उंबऱ्यावर ठेवला. माझ्या हातातलं कोकरू ओरडायला लागलं, मी त्याचं तोंड दाबून धरलं. शेवटी तो म्हणाला, "येईन परत," आणि वहाणा निघून गेल्या. आई दारात उभीच राहिली. मी बाहेर आलो तेव्हा माझ्या कपड्यांवर मेंढराची लेंडी आणि डोळ्यांत पाणी होतं. तिनं मला आत नेऊन बसवलं. मग मी सगळं सांगितलं, मॅचपासून.

ऐकून झाल्यावर तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. मग म्हणाली, "उद्या म्या येते तुझ्यासंग शाळेत."

"नको."

"मंग तूच जाऊन बोल त्याच्याशी. आज न्हाई तर उद्या तो गाठणारच तुला. बाभळीत एकट्याला गाठण्यापरीस तूच गेलेला बरा."

मी गेलो नाही. धीर झाला नाही. दोन दिवसांनी शुक्रवार होता, सुट्टी. मेंढरं टेकडीच्या उतारावर सोडून मी एका दगडावर बसलो होतो. भरदुपार, आजूबाजूला चिटपाखरू नाही. मेंढरांनी माना वर केल्या म्हणून मी वळलो, तर तो दहा पावलांवर उभा होता.

पळता आलं असतं. माझ्याइतकं जोरात त्या डोंगरावर कोणी पळू शकलं नसतं. पण मेंढरं सोडून धनगराचं पोरगं पळत नाही, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं होतं की पाय उचललेच नाहीत. तो आला आणि माझ्यासमोर खाली बसला. गाठोडं बाजूला ठेवलं. माझी नजर त्या गाठोड्यावरून हलेना.

"पाय दाखव," तो म्हणाला.

मला वाटलं आता संपलं. तरी मी उजवा पाय पुढं केला. का केला ते आजही सांगता येत नाही. त्यानं माझा पाय हातात घेतला, तळवा वर करून पाहिला, अंगठ्याची भेग पाहिली. त्याचा हात खरखरीत आणि गरम होता.

"ह्याच पायानं?"

"व्हय."

त्यानं पाय हळूच खाली ठेवला. "मला सगळं सांग. जालन्याच्या पोरांनी सांगितलं, पण ती लांब व्हती. तू जवळ व्हता."

मी सांगितलं. ओली माती, जड बॉल, मच्छिंद्र कुठून आला, बॉल कुठं बसला. तो खाली बसला, पाणी प्याला, उठला.

"उठल्यावर काही बोलला का?"

"बोलला न्हाई. हसला."

"हसला?" त्यानं पुन्हा विचारलं. "तुझ्याकडं बघून?"

"व्हय. आणि मंग शेवटपर्यंत खेळला. चांगला खेळत व्हता, बाबा."

कडूबानं तोंडावर पागोट्याचा पदर धरला आणि तसाच बसून राहिला. एक मेंढरू येऊन त्याच्या गाठोड्याला हुंगायला लागलं. मी ते हाकललं तेव्हा गाठोडं सुटलं. आत अर्धी भाकर, एक धोतर आणि तंबाखूची डबी होती.

मग तो बोलायला लागला. माझ्याकडं न बघता, खाली गावाकडं बघत.

"जालन्याला शिकाया ठेवलेलं पोरगं त्या साली भादव्यात घरी आलं, तवा त्याला लई ताप आल्ता. थंडी वाजून यायचा, तिसऱ्या तिसऱ्या दिवशी. भोकरदनच्या वैद्यानं पोट दाबून पाह्यलं. म्हणला, डाव्या बरगडीखालची पानथरी वाढलीय. कच्च्या मडक्यावानी असती ती, धक्का लागला की फुटती. सहा महिने ह्याला पळू देऊ नका, खेळू देऊ नका. पोरगं रडाया लागलं. म्हणलं, बाबा, जालन्याला टीममधी माझं नाव लागलंय, मास्तरला सांगू नका. ताप तर उतरला व्हता. म्या म्हणलं, जाऊ दे, एवढं कुठं होतंय. म्या न्हाई सांगितलं कोणाला."

मला नीट समजायला वेळ लागला.

"त्याच्या मायला बी माहीत न्हाई," तो म्हणाला. "वैद्याकडं म्या एकटाच घेऊन गेल्तो. तिला वाटतं, अंबडच्या पोरानं लाथ मारली म्हणून तो गेला. रोज सकाळी चूल पेटवताना तुझ्या नावानं बोटं मोडती. एक साल झालं. म्या बाजूला बसून ऐकत ऱ्हातो. एक डाव बी म्हणलं न्हाई की त्या पोराचं काही चुकलं न्हाई."

तोवर मी त्याच्या विळ्याला भ्यालो होतो. आता मला त्या बाईची भीती वाटली, जिला मी कधी पाहिलं नव्हतं आणि जी तिकडं दूर रोज सकाळी माझं नाव घेत होती. राग आला पाहिजे होता. तो पुढं पुष्कळ वर्षांनी आला. त्या वेळी मी फक्त विचारलं, "मंग आता कामून आला?"

"पोरं पुन्हा खेळाया लागणार हे कळलं. रोज ठरवून यायचो, आज बोलीन. तुला पळताना पाह्यलं की जीभच उचलायची न्हाई." त्यानं गाठोडं पुन्हा बांधायला घेतलं. "तुमच्या टीममधी कोणाला तसा ताप येतो का? कोणी पोट दाबून पाह्यलंय का तुमचं?"

माझ्या डोळ्यांपुढं रामकिसन आला.

रामकिसनला श्रावणापासून हिवताप येत होता. आला की गोधडीखाली दात वाजायचे, दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही असा मैदानावर हजर. त्यानं मला शपथ घातली होती, की मास्तरांना सांगायचं नाही. दोन साल राखीव राहून ह्या मोसमात पहिल्यांदा त्याचं नाव लागलं होतं.

"न्हाई," मी कडूबाला म्हणालो. "कोणाला न्हाई."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. काठी टेकत उठला. "म्या उद्या तुमच्या मास्तरला भेटणार हाय. बिलकुल सगळं सांगणार हाय."

आणि तो खरंच भेटला. शनिवारी सरावाआधी हाशमी मास्तरांच्या खोलीत तो बराच वेळ होता. बाहेर आला तेव्हा मास्तर त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. ते कोणाला फाटकापर्यंत सोडायला गेलेले मी कधी पाहिले नव्हते. परत आल्यावर त्यांनी आम्हाला सांगितलं, "कल सब लडके दवाखाने चलेंगे. डॉक्टर साहेब पोट तपासतील. कोणी गैरहाजर राहायचं नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर ओळीनं बसलो. रामकिसन आला नव्हता. डॉक्टर एकेकाला बाकावर निजवायचे, गुडघे मोडायला लावायचे, दीर्घ श्वास घ्यायला सांगायचे आणि बरगडीखाली बोटं खुपसायचे. माझी पाळी आली तेव्हा मला श्वासच घेता येईना. सगळ्यांचं पोट ठीक निघालं.

"एक कम है," मास्तर म्हणाले. "रामकिसन कुठं आहे?"

"मावशीकडं गेलाय, साहेब," कोणीतरी म्हणालं.

ते खोटं होतं. मी येताना त्याच्या दारावरून आलो होतो. तो आत होता, त्यानं मला ओठांवर बोट ठेवून दाखवलं होतं. मास्तरांनी कागद घडी करून खिशात घातला. पोरं उठायला लागली. मॅचला पाच दिवस राहिले होते.

मी बसूनच राहिलो. मच्छिंद्रच्या बापानं एक साल गप्प बसून काय मिळवलं ते मी दोन दिवसांपूर्वी ऐकलं होतं. तरी तोंड उघडत नव्हतं. पोरं ओसरीवरून खाली उतरली, मास्तर डॉक्टरांना आदाब करून निघाले, तेव्हा कुठं मी त्यांच्या मागे धावलो.

"साहेब, रामकिसन घरीच हाय. त्याला तिसऱ्या दिवशी ताप येतो. श्रावणापासून."

मास्तर थांबले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तसाच ठेवून ते रामकिसनच्या घराकडं चालायला लागले. मला बरोबर जावं लागलं.

मास्तरांनी त्याला दवाखान्यात आणलं. रामकिसनची पानथरी, म्हणजे प्लीहा, बरगडीखाली चार बोटं उतरली होती. डॉक्टरांनी माझ्या आणि मास्तरांच्या देखत त्याच्या बापाला सांगितलं, की ह्या पोरानं सहा महिने उडीसुद्धा मारायची नाही. हिवतापावर कोयनेलच्या गोळ्या दिल्या. गोलकीपर तो, रोज बॉलवर पोट टाकून पडणारा. रामकिसन बाकावर शर्ट वर केलेला तसाच पडून माझ्याकडं बघत होता. त्यानं मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाही. रस्त्यात भेटला तर पलीकडून जायचा.

कडूबा त्याच आठवड्यात गावी गेला. जाण्याआधी आमच्या दारी आला होता, मी शाळेत होतो. आईनं त्याला जेवायला बसवलं. तो तिला म्हणाला, "घरी गेल्यावर मंडळीला सांगणार हाय." त्यानं सांगितलं की नाही, ते मला कधीच कळलं नाही.

जालन्याची मॅच शुक्रवारी झाली. आमच्या गोलात दुसराच पोरगा होता, त्यानं तीन गोल खाल्ले. मी अर्धी मॅच नुसता बॉलमागे पळालो. मग एकदा बॉल माझ्या पायावर असा आला की मागं गोल रिकामा, पुढं त्यांचे दोघं, आणि मारण्यावाचून इलाज नव्हता. मी मारला. बॉल त्यांच्यातल्या एकाच्या कमरेवर बसला आणि तो आडवा झाला.

मी जागच्या जागी खिळलो. शिट्टी वाजली, लोक ओरडत होते, मला काही ऐकू येत नव्हतं. मग धावत जाऊन मी त्याच्याजवळ गुडघ्यावर बसलो आणि त्याला विचारलं, "तुला ताप येतो का? थंडी वाजून?"

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. त्यानं मला ढकललं आणि कपडे झटकत उठला. खेळला. जाताना हसला नाही, त्यानंच मला थोडा धीर आला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. शनिवार गेला. रविवार गेला. सोमवारी मी शाळेत गेलो नाही. जालन्याची मोटार रोज दुपारी यायची. तिचा भोंगा ऐकला की मी मेंढरांच्या वाड्यात जाऊन बसायचो, जणू निरोप मला तिथं शोधू शकणार नव्हता.

मंगळवारी भोंगा वाजला, आणि थोड्या वेळानं कुंपणापाशी पावलं वाजली. मी आधी मान वर केली नाही, मग पाहिलं. काट्यांच्या फटीतून रामकिसन उभा दिसला, घामानं भिजलेला. मोटारीच्या अड्ड्यावरून चालत आला होता, पळायची त्याला मनाई होती.

"क्लीनरला इचारलं," तो म्हणाला. "त्याचा भाचा त्याच शाळेत हाय. ते पोरगं बरं हाय. काल बी शाळेत आल्तं, आज बी."

मी उठून कुंपणापाशी गेलो, तोवर तो वळून चालायला लागला होता.